जावातल्या खेड्यात जमीन सगळ्यांची? छे!

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या खेड्यांबद्दल एक गोड समज बरीच वर्षं फिरतोय: तिथे जमीन गावाची, पीक सगळ्यांचं, गरिबीसुद्धा वाटून घेतलेली. या समजाला वजन आलं ते मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या ‘वाटून घेतलेल्या गरिबी’मुळे.

पण एकोणिसाव्या शतकातही तिथे ‘सिकेप’ म्हणजे जमीनवाले आणि ‘नुम्पांग’ म्हणजे दुसऱ्याच्या आसऱ्याने राहून राबणारे भूमिहीन असा भेद होताच. काही भागांत जमीन सामाईक होती, हे खरं. मात्र १८३० नंतर तिथे राज्य करणाऱ्या डचांनी ऊस आणि निळीच्या लागवडीची सक्ती केली. त्यासाठीची वेठ जमीनधारकाच्या गळ्यात पडायची. ओझं वाटायला जमिनीचे तुकडे जास्त हातांत गेले. याला समता म्हणायचं तर म्हणा! शिवाय गावप्रमुखाला पगाराऐवजी ‘बेंगकोक’ जमीन मिळे. आपल्या पाटीलकी वतनाची आठवण यावी अशी.

वाटून घेणं दिसायचं ते कापणीला. तळहातात मावणारी ‘आनी-आनी’ ही सुरी घेऊन बायका भाताची एकेक लोंबी खुडत, आणि कापलेल्या भातातला ठरलेला वाटा, ‘बावोन’, घरी नेत. कापणीला आलेल्या कुणाला नको म्हणणं शेतमालकाला शोभत नसे. १९७०च्या दशकात शेतकरी उभं पीकच व्यापाऱ्याला विकू लागले. व्यापारी स्वतःची टोळी आणि विळे घेऊन येई. माणसं कमी लागत, आणि गावातल्या कितीतरी बायका बांधावरच उभ्या राहत.