चादरीची उंची शून्य कशी झाली?

समजा, जेकार्ड मागाचं डिझाइन उघडणारा एक ओपन सोर्स सी प्रोग्राम सोलापुरातल्या एखाद्या कारखान्यात लिनक्सवर बिनबोभाट चालतोय. डिझायनरकडे मात्र विंडोज. तिथे कंपाइल केला, म्हणजे कोडवरून चालणारा प्रोग्राम बनवला, एकही एरर नाही. चादरीची फाइल उघडली तर रुंदी बरोबर ४८० हुक (मागावर ताण्याचे धागे उचलणारे), उंची शून्य!

कंपाइलर ओरडला तर उलट बरं. हेडर सापडत नाही, फंक्शन नाही, असं तो नाव घेऊन सांगतो. गुपचूप बिल्ड होणारा कोडच घात करतो.

इथे दोष ‘लाँग’चा, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या सी भाषेतल्या एका प्रकाराचा. ६४-बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा, ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचाच. फाइलच्या सुरुवातीला रुंदी आणि उंची असे दोन लाँग लिहिलेत. इंटेलच्या प्रोसेसरवर आकड्याचा खालचा बाइट आधी जातो, म्हणून ४८० पहिल्या ४ बाइटांतच मावतो. पुढच्या ४ मध्ये नुसती शून्यं. विंडोज तीच उंची म्हणून वाचतं. लाँगच्या जागी ‘इंट६४_टी’ घाला, तो सगळीकडे ८ बाइटचाच. सी९९ (सी भाषेचं १९९९ चं मानक) पासून तो आहे. ३२-बिटचा पुरला असता, पण मग लिनक्सवर साठवलेली जुनी डिझाइनं बाद होतील.

आता उंची येते, पण चादर अर्धीच. फाइल ‘आर’ने, म्हणजे साध्या वाचनाच्या मोडने, उघडली की विंडोज तिला मजकूर समजतं. एका चौकटीचा रंग एका बाइटात असेल, तर २६ नंबरचा रंग आला की (मजकुरात ती फाइल संपल्याची खूण) वाचन तिथेच संपतं. १३ च्या पाठोपाठ १० (विंडोजवर ओळ संपल्याची खूण) आला की १३ गळतो आणि पुढची सगळी नक्षी एक घर सरकते. ‘आर’चं ‘आरबी’ करा (बी म्हणजे बायनरी), लिहिताना ‘डब्ल्यूबी’. लिनक्स त्या ‘बी’कडे ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे ‘इफडेफ’ची, म्हणजे सिस्टिमनुसार वेगळा कोड घालण्याची, भानगडच नको. ऊठसूट इफडेफ पेरलेला कोड पुढे कुणालाच वाचता येत नाही.

दोन दोष, म्हणून पॅचही (दुरुस्तीचे बदल) दोन वेगळे. ‘गिट डिफ’ (काय बदललं ते दाखवणारी यादी) आधी डोळ्यांखालून घाला: विंडोजच्या एडिटरने ओळींची शेपटं (ओळ संपल्याच्या खुणा) बदलली असतील, तर दोन ओळींच्या दुरुस्तीत अख्खी फाइल बदललेली दिसते. असा पॅच मूळ प्रकल्पात कुणी घेत नाही, आणि तिथे गेला नाही तर दर नव्या आवृत्तीला तोच पुन्हा लावत बसावं लागतं. पाठवण्याआधी लिनक्सवर पुन्हा बिल्ड करून एखादं जुनं डिझाइन उघडून बघा.