रक्ताच्या गुठळीमागचा इतिहास

इंदूरच्या रामबागेत किंवा राजेंद्रनगरात आजोबांच्या औषधांच्या डब्यात रक्त पातळ करणारी गोळी असली, की घरात मेथी-पालकावर नजर ठेवली जाते. या गोळीचं मूळ अमेरिका-कॅनडातल्या गोठ्यांत आहे.

1920च्या दशकात तिथली गुरं शिंगं कापण्यासारख्या साध्या जखमेतूनही रक्त वाहून मरू लागली. दोष निघाला बुरशी लागलेल्या स्वीट क्लोव्हर या चाऱ्याचा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्यातून रक्त गोठू न देणारं डायक्युमॅरॉल वेगळं काढलं. त्याच्याच कुळातलं वॉरफरिन 1948मध्ये बाजारात आलं ते चक्क उंदरांचं विष म्हणून! 1954मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं. आपल्याकडे भरपूर चालणारं ॲसिनोकुमॅरॉलही याच घराण्यातलं.

खरं तर या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. जखम झाली की आधी प्लेटलेट या रक्तातल्या बारीक कणिका चिकटतात, मग रक्त गोठवणारे घटक एकामागून एक जागे होतात आणि शेवटी त्यांच्यातलं थ्रॉम्बिन फायब्रिन या प्रथिनाचे धागे विणतं. यातले 2, 7, 9 आणि 10 हे घटक यकृतात बनताना के जीवनसत्त्व लागतं. गोळी तेच अडवते आणि पालेभाजी तेच पुरवते. म्हणून भाजी सोडायची नसते, प्रमाण सारखं ठेवायचं असतं.

नको तिथे गुठळी का होते? पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकते, हे बर्लिनचे रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्शो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दाखवलं. मंदावलेला प्रवाह, दुखावलेली रक्तवाहिनी आणि गोठण्याकडे झुकलेलं रक्त ही त्रिसूत्री त्यांच्या नावानं चालते, पण तशी बांधली नंतरच्यांनी. शस्त्रक्रियेनंतरचं अंथरूण, पुण्याच्या बसमध्ये रात्रभर पाय लोंबते ठेवून बसणं, हे पहिल्यात मोडतं. गरोदरपण, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, कर्करोग आणि काही आनुवंशिक दोष तिसऱ्यात.

रक्त गोठायला वेळ लागत असला तरी गुठळी टळतेच असं नाही. जॉन हेजमन या अमेरिकन रेल्वे कामगाराचं रक्त काचेच्या नळीत फार उशिरा गोठे, तरी त्याला रक्तस्रावाचा त्रास नव्हता. त्याच्यात नसलेला बारावा घटक त्याच्याच नावानं ओळखला जातो. अपघातात कंबरेचं हाड मोडून तो अंथरुणाला खिळला आणि 1968मध्ये फुप्फुसात गुठळी अडकून वारला.