कुबट की खवट? जिमचा टॉवेल आणि स्पाचा टॉवेल

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर ज्या टॉवेलनं अंग पुसलं, तो दोनदा धुतला तरी घडी उलगडताना वास मारतो. आषाढात दोन दिवस दोरीवर लोंबकळूनही न वाळलेला टॉवेलही वास मारतो. पण पहिला खवट आणि दुसरा कुबट. जुनं खोबरं आणि बरेच दिवस बंद असलेली खोली यांत आपलं नाक कधी गल्लत करत नाही. टॉवेलच्या बाबतीत मात्र भलेभले करतात. मीही केली.

पुण्यातल्या एका क्लबात जिम आणि स्पा या दोन्हींच्या टॉवेलांचं बघणं काही वर्षं माझ्याकडे होतं. दोन्हीकडचे टॉवेल पांढरे, दोन्ही सुती, मग वेगळं कशाला धुवायचं म्हणून मी सगळं एकाच मशीनमध्ये टाकायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात जिमवाल्यांची तक्रार आली: टॉवेल घाम टिपत नाही, नुसता अंगावरून सरकतो. आमच्या धुण्याच्या खोलीत काम करणाऱ्या मावशींनी एक घडी घेतली, बोट नळाखाली धरलं आणि पाण्याचा एक थेंब टॉवेलवर सोडला. थेंब अळूच्या पानावर बसावा तसा बसून राहिला. मग त्यांनी टॉवेल नाकाला लावला आणि म्हणाल्या, "साहेब, हा जिमचा आहे, पण वास स्पाचा आहे." मसाजच्या टॉवेलांचं तेल धुण्याच्या पाण्यातून जिमच्या टॉवेलांत उतरलं होतं.

जिमचा टॉवेल मळतो तो घामानं. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यात थोडं मीठ आणि त्वचेवरचा थोडा तेलकटपणा. ताज्या घामाला फारसा वास नसतो. वास तयार करतात ते त्यावर पोसलेले जिवाणू, आणि त्यांना ओल आणि वेळ दोन्ही लागतं. म्हणून या टॉवेलचा खरा शत्रू घाम नसून झाकण असलेली प्लास्टिकची टोपली आहे. सकाळी सातला टाकलेला टॉवेल तिच्यात तळाशी दबून रात्रीपर्यंत राहिला, की कुबट वास धाग्यात मुरतो. जाळीच्या टोपलीत पडलेला, वारा लागलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी धुतला तरी बिघडत नाही. धुणं सोपं: साधी पावडर, कोमट ते गरम पाणी, आणि पुरतं वाळवणं. वास मुरलाच असेल, तर गरम पाण्यात ऑक्सिजन ब्लीच घालून तास-दोन तास भिजवायचं आणि मग नेहमीसारखं धुवायचं. क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही नको, त्यातून विषारी वायू निघतो.

इथे बहुतेक जण आणखी एक घोळ घालतात. वास येतोय म्हणून सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर ओततात. सॉफ्टनर धाग्यावर स्निग्ध थर चढवतो, त्यानंच टॉवेल मऊ लागतो. पण त्याच थरामुळे तो पाणी कमी टिपतो, मळ धरून ठेवतो आणि महिन्याभरात पुन्हा वास मारतो, यावेळी गुलाबासकट. बोअरच्या जड पाण्यानं कडक झालेल्या टॉवेलवरही हाच इलाज करतात. तिथे खरं तर पाणी मृदू करायला हवं.

स्पाच्या टॉवेलचं गणित उलटं आहे. ओल हा त्याचा मुख्य प्रश्न नाही, तेल आहे. तिळाचं, बदामाचं तेल सुताच्या फाशांत शिरतं आणि हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून हळूहळू खवट होतं. इथे उशीर मात्र चालत नाही. त्याच दिवशी धुतलेला टॉवेल स्वच्छ निघतो. चार दिवस पडून राहिलेल्यातलं तेल चिकट होऊन बसतं आणि कापड पिवळं पडतं. कोमट पाणी आणि चमचाभर पावडर यांना ते दाद देत नाही. लागतं ते साठ अंशांच्या आसपासचं पाणी, तेल फोडणारा डिटर्जंट, जोडीला धुण्याचा सोडा, आणि मशीनमध्ये मोकळी जागा. ड्रम दोन-तृतीयांश भरला की थांबायचं. ठासून भरलेल्या मशीनमध्ये तेल एका टॉवेलमधून निघतं आणि शेजारच्यात जातं. आजीच्या काळी अभ्यंगानंतर अंगाला डाळीचं पीठ चोळायचे, ते तेल ओढून घ्यायचं आणि मग पंच्यावर येणारा भार आपोआप कमी व्हायचा. स्पामध्ये पिठाचं ते कामही टॉवेललाच करावं लागतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते ड्रायरपाशी. अर्धवट निघालेलं तेल असलेला टॉवेल गरम ड्रायरमधून काढून तसाच गरम-गरम घड्या करून कपाटात रचला, तर तो आपणहून पेट घेऊ शकतो. ऐकायला भुताटकी वाटते, पण साधं रसायन आहे. तेल ऑक्सिजनशी जुळताना उष्णता सोडतं. टॉवेल दोरीवर असेल तर ती उडून जाते. चाळीस घड्यांच्या ढिगाच्या पोटात ती अडकते, उष्णतेनं क्रिया आणखी वेगानं होते, आणि सगळे घरी गेल्यावर काही तासांनी ढीग आतून धुमसायला लागतो. रंगारी लोक जवसाच्या तेलाची फडकी कोंबून ठेवत नाहीत, त्यामागे हेच आहे. तीळ आणि बदाम जवसाइतके तापट नाहीत, खोबरेल तर त्यांच्याहूनही शांत, पण ड्रायरची उष्णता त्यांना पुढे ढकलते. म्हणून आमच्याकडे दोन नियम झाले. ड्रायरची शेवटची दहा मिनिटं थंड हवेवर. आणि बाहेर काढलेला टॉवेल उबदार असतानाच हुंगायचा, तेलाचा वास आला की घडी न करता परत धुवायला. मावशी दुसरा नियम माझ्याआधीपासून पाळत होत्या, कारण विचारलं तर म्हणाल्या, "गरम कपड्याला वास लपवता येत नाही."

हिशेबातही दोघांची तऱ्हा वेगळी. जिमला चाळीस बाय साठ सेंटीमीटरचा, ४०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम भरणारा) नॅपकिन पुरतो. त्याचं वजन सुमारे १०० ग्रॅम. स्पातला पंचाहत्तर बाय दीडशेचा, ५०० जीएसएमचा टॉवेल साडेपाचशे ग्रॅमच्या पुढे जातो. आता जिममध्ये दिवसाला २०० जण आले आणि प्रत्येकानं एक नॅपकिन घेतला, तर धुणं झालं २० किलो. स्पामध्ये २० जण आले, प्रत्येकाला दोन मोठे आणि दोन छोटे, तर धुणं २६ किलोंवर. दहापट कमी माणसं आणि धुणं जास्त. बाहेरच्या लॉन्ड्रीशी बोलताना नगावर भाव ठरवायचा की किलोवर, हे यावरून ठरतं. आम्ही जिमचे किलोवर आणि स्पाचे नगावर दिले, लॉन्ड्रीवाला वर्षभर कुरकुरत होता.

किती संच ठेवायचे याचा जुना आडाखा तीनचा आहे: एक वापरात, एक धुण्यात, एक कपाटात. मशीन स्वतःची असेल तर तो चालतो. बाहेरच्या लॉन्ड्रीची गाडी एक दिवसाआड येत असेल तर चार-पाच लागतात, आणि ड्रायर नसेल तर पावसाळ्यात आणखी एक. पण जिमला दिवसाची सरासरी फसवते. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ अशा दोन लाटा असतात, दुपारी चिटपाखरू नसतं. कपाट त्या लाटेला पुरलं पाहिजे. स्पाचं तसं नाही. तिथे उद्याच्या अपॉइंटमेंटची वही उघडली की टॉवेल मोजून होतात.

घटही निराळी. जिमचे टॉवेल सभासदाच्या बॅगेतून जातात, मुद्दाम कमी, विसरून जास्त. टॉवेल परत केल्यावर लॉकरची किल्ली घेऊन कार्ड द्यायचं, एवढ्यानं बरंच थांबतं. स्पाचे चोरीला जात नाहीत, ते झिजून मरतात. गरम पाणी आणि सोडा त्यांचं आयुष्य खातं, म्हणून स्पासाठी घट्ट विणीचा आणि दुहेरी शिवलेल्या काठाचा माल घ्यावा. सोलापूरच्या चादरीप्रमाणे तिथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. पण कुठूनही घ्या, डझनाचा भाव ऐकून खूश होण्याआधी एक टॉवेल वजनकाट्यावर ठेवा.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. बरेच स्पा तेल दिसू नये म्हणून कॉफी रंगाचे टॉवेल घेतात. डाग दिसत नाही, तेल मात्र तिथेच असतं. जिममध्ये रंगीत टॉवेलची वेगळी फजिती: मुरमांच्या क्रीममधलं बेंझॉइल पेरॉक्साइड लागलं की निळ्यावर नारिंगी ठिपके पडतात आणि ते कधीच जात नाहीत. पांढरा बरा.

पांढऱ्याला भीती एकच, उटण्यातली हळद. साबण लागताच डाग लाल होतो आणि नवा माणूस घाबरून ब्लीचचा डबा शोधायला लागतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात ना, तेच इथे सोड्यानं होतं. नीट खळबळून घेतलं की लाली उतरून डाग पुन्हा पिवळा होतो, आणि तो पिवळा गच्चीवरच्या दोन उन्हांत जातो. पावसाळ्यात मावशी असे टॉवेल वेगळ्या गाठोड्यात बांधून ठेवायच्या आणि ऊन पडलं की जेवण टाकून गच्चीवर पळायच्या.