मांडीच्या चार्टमागची माणसं

पावसाळा आला की ठाण्यात वर्षा मॅरेथॉनची हवा सुरू होते. येऊरच्या चढावर आणि तिकडे नवी मुंबईत पाम बीच रोडला पहाटेपासून लोक पळायला लागतात आणि मग नौपाड्यापासून नेरूळपर्यंत सगळे फिजिओ बिझी. त्यांच्या भिंतीवर पायाच्या स्नायूंचा तो चार्ट असतोच. मांडीच्या पुढे क्वाड्रिसेप्सचे चार स्नायू, ते वाटीवरून खाली नडगीच्या हाडाला जाऊन गुडघा सरळ करतात, मागे हॅमस्ट्रिंगचे तीन, ते गुडघा दुमडतात, आतल्या बाजूला मांड्या जवळ आणणारे अ‍ॅडक्टर, आणि या सगळ्यांच्या मधे फीमर, शरीरातलं सगळ्यात लांब हाड. पण हा चार्ट बनवणाऱ्यांपैकी एक जण आपल्या मुंबईत आणि साताऱ्यात नोकरी करून गेलाय हे फारसं कुणी सांगत नाही.

शरीर उघडून बघायची सुरुवात अर्थात सुश्रुतापासून. प्रेत गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालायचं, सात दिवस पाण्यात ठेवायचं आणि मग वाळ्याच्या नाहीतर बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर बघायचा, अशी पद्धत संहितेत दिलीय. हाडं त्याने ३०० मोजली, आज मोठ्या माणसात २०६ धरतात, कारण तो दात आणि कूर्चासुद्धा हाडांतच धरायचा. पण मला भारी वाटतात ती मर्मं, म्हणजे शरीरातल्या घाव लागला तर धोक्याच्या नाजूक जागा. प्रत्येक पायात ११, त्यात मांडीच्या मध्यावर उर्वी आणि वर जांघेकडे लोहिताक्ष, आणि तिथे घाव लागला तर रक्त जातं असं स्पष्ट लिहिलंय. आजचा चार्ट शेजारी धरा, दोन्ही जागा फीमोरल आर्टरीच्या, म्हणजे मांडीतल्या मुख्य धमनीच्या वाटेवरच येतात.

युरोपात गेलन नावाच्या जुन्या वैद्याने माकडं-डुकरं कापून जे लिहिलं तेच लोक हजारएक वर्षं प्रमाण मानत राहिले, १५४३ मध्ये व्हेसॅलियस या शरीररचनेच्या अभ्यासकाने माणसाची शरीरं स्वतः उघडून त्यातल्या चुका दाखवल्या.

मांडीच्या बाबतीत खरी मजा १७८५ ची आहे. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधे जॉन हंटर या सर्जनकडे एक घोडागाडीवाला आला, त्याच्या गुडघ्यामागची धमनी फुगून मोठी गाठ झालेली. उंच बुटांची कड तिथे सतत घासून हे होतं असं तेव्हा मानायचे, आणि उपाय म्हणजे बऱ्याचदा पायच कापायचा. हंटरने गाठीला हात न लावता वर मांडीत, जिथे धमनी निरोगी होती तिथे, ती बांधून टाकली. त्याचा भरवसा आजूबाजूच्या बारीक फांद्यांवर होता, त्या हळूहळू रुंदावतात आणि खालच्या पायाला रक्त पुरवतात. पाय वाचला. मांडीच्या आतल्या बाजूला ही धमनी ज्यातून जाते त्या बोगद्याला अजूनही हंटरचा कॅनाल म्हणतात.

त्याच सेंट जॉर्जेसमधे पुढे हेन्री ग्रे आणि हेन्री व्हँडाइक कार्टर या दोन तरुण डॉक्टरांनी एकत्र डिसेक्शन करून १८५८ मध्ये ग्रेज अ‍ॅनाटॉमी हे शरीररचनेचं पुस्तक काढलं. मजकूर ग्रेचा, चित्रं कार्टरची, आणि नावं बाजूला आकडे टाकून न देता थेट स्नायूवर, धमनीवरच लिहिलेली, त्यामुळे पोरांना ते पटकन कळायचं. रॉयल्टी मात्र ग्रेला, कार्टरला एकदाच ठरावीक रक्कम मिळाली (माझ्या मते हा सरळसरळ अन्याय). पुस्तक आलं त्याच वर्षी कार्टर मुंबईत आला. ठाण्याची रेल्वे सुरू होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधे त्याने अ‍ॅनाटॉमी शिकवली, मग साताऱ्यात सिव्हिल सर्जन झाला. इथे त्याला पाय वेगळ्याच रूपात दिसले. अनवाणी शेतात राबणाऱ्यांचे पाऊल सुजायचं, भोकं पडून त्यातून दाणे यायचे. काटा-बिटा रुतून आत शिरलेल्या बुरशीमुळे हे होतं असं त्याने मांडलं, मायसेटोमा हे नाव दिलं आणि त्याचीही चित्रं स्वतःच काढली.

आता कळव्याच्या, नेरूळच्या मेडिकल कॉलेजांत एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात हीच मांडी थराथराने उघडून बघतात. बेवारस मृतदेह कॉलेजांना देता यावेत म्हणून आपल्याकडे १९४९ चा अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट आहे, आणि आता बरेच जण स्वतःहून देहदानाचा फॉर्म भरतात. पण फॉर्म कपाटात पडून असला तरी ऐनवेळी कॉलेजला फोन घरच्यांनाच करावा लागतो, म्हणून भरलेला असेल तर त्यांना सांगून ठेवा.