उच्च रक्तदाबजन्य मेंदूरक्तस्राव : रोहिणींतील विकृती

दीर्घकाळ वाढलेल्या रक्तदाबामुळे मेंदूच्या खोल भागांत शिरणाऱ्या बारीक रोहिणींच्या (धमन्यांच्या) भित्तीत होणारे बदल. अशी रोहिणी फुटली की रक्त थेट मेंदूच्या ऊतकात साचते.

ही विकृती मेंदूत सर्वत्र सारखी नसते. मध्य मस्तिष्क रोहिणी व बॅसिलर रोहिणी यांसारख्या मोठ्या खोडांपासून जवळपास काटकोनात निघणाऱ्या, एक मिलिमीटरहून कमी व्यासाच्या वेधक शाखांवर तिचा मुख्य भर असतो. एरवी रोहिणीला फाटे फुटत जातात तसा दाब टप्प्याटप्प्याने उतरतो. येथे तो उतार मिळत नाही. त्यामुळे प्यूटॅमेन व थॅलॅमस (मेंदूच्या खोल भागातील चेतापेशींचे पुंजके), पॉन्स (मस्तिष्कस्तंभाचा मधला भाग) व लहान मेंदू ही रक्तस्रावाची नेहमीची ठिकाणे ठरतात.

भित्तीच्या मधल्या थरातील स्नायुपेशी नष्ट होऊन त्यांच्या जागी कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन येते. भित्ती काचेसारखी एकजिनसी दिसू लागते, तिच्यात रक्तातील प्रथिने झिरपतात आणि काही ठिकाणी फायब्रिनसदृश (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनासारखे) द्रव्य साचून ती मृत होते. अशी रोहिणी बुजली तर छोटा खोल इन्फार्क्ट (रक्तपुरवठा थांबून मृत झालेला ऊतकाचा भाग) होतो, फुटली तर रक्तस्राव. एकाच रुग्णात दोन्ही आढळू शकतात.

फुटण्याची नेमकी जागा कोणती, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ वादाचा आहे. फ्रेंच वैद्यक शार्को व बुशार यांनी 1868 मध्ये रक्तस्रावाने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूतील रोहिणींवर बारीक फुगवटे वर्णिले व तेच रक्तस्रावाचे कारण मानले. या फुगवट्यांना ‘मिलिअरी’ हे विशेषण लागले ते आकारावरून. लॅटिन ‘मिलिअम’ म्हणजे वरीसारखे बारीक धान्य. या दोघांनी फुगवट्यांचा संबंध उच्च रक्तदाबाशी जोडला नव्हता. रिव्हा-रोची यांचे बाहूला पट्टा बांधून दाब मोजण्याचे उपकरण 1896 मधले, हे येथे ध्यानात घ्यावे. तो संबंध पुढे कोल व येट्स यांच्या 1967 मधील शवविच्छेदन-अभ्यासाने बळकट केला : उच्च रक्तदाब असलेल्या 100 मेंदूंपैकी 46 मध्ये, तर नसलेल्या 100 पैकी 7 मध्ये सूक्ष्म फुगवटे मिळाले.

तरीही फुगवटे असणे आणि तेच फुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिशर यांनी 1971 मध्ये रक्तस्रावाच्या जागेचे सलग छेद तपासले. एक रोहिणी फुटल्यावर साचणाऱ्या रक्ताच्या ताणाने शेजारच्या रोहिणी तुटत जातात, असे त्यांनी मांडले. ताकेबायाशी व कानेको यांनी 1983 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेल्या जागा पाहिल्या. त्या बहुतांशी रोहिणी दुभागून शाखा निघतात त्या ठिकाणाजवळ होत्या आणि तेथील स्नायुथर झिजलेला होता. पुढे 1992 मध्ये चाला व सहकाऱ्यांनी जाड छेद रंगवून दाखवले, की फुगवटे वाटणाऱ्या अनेक आकृती प्रत्यक्षात रोहिणीची वेटोळी असतात. हा सारा पुरावा एकत्र पाहता, भित्तीचा व्यापक ऱ्हास हा मूळ दोष आणि फुगवटा हे त्याचे एक, तेही अनिवार्य नसलेले रूप, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

हे बदल नेहमीच्या अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण चित्रणात) सहसा दिसत नाहीत. एमआरआयच्या ठरावीक क्रमांत जुन्या सूक्ष्म रक्तस्रावांचे काळे ठिपके दिसतात : खोल भागांतले उच्च रक्तदाबाकडे, तर केवळ मेंदूच्या बाह्यभागातले उतारवयात रोहिणींच्या भित्तीत अमिलॉइड हे प्रथिन साचण्याकडे निर्देश करतात. तरुण रुग्णात किंवा रक्तदाबाचा पूर्वेतिहास नसताना रोहिणी-नीला गुंत्यासारख्या (रोहिणी व नीला थेट जोडल्या गेलेल्या जाळ्यासारख्या) अन्य विकृतीचा शोध घ्यावा लागतो.