चॅन्सी घ्यावी की ब्लिसी?

पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढतींत नव्याने उतरलेला खेळाडू हा प्रश्न हमखास विचारतो. ब्लिसी म्हणजे चॅन्सीचंच उत्क्रांत रूप. एचपी, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स, स्पीड, तिचे सहाच्या सहा आकडे चॅन्सीपेक्षा वरचे. मग मुरलेले खेळाडू संघात चॅन्सी का ठेवतात? आणि तेच खेळाडू दुसऱ्या संघात बिनदिक्कत ब्लिसी का घेतात?

गोंधळ व्हावा यात नवल नाही. दोघी गुलाबी, गोलमटोल, पोटाशी अंडं बाळगणाऱ्या. दोघी नॉर्मल टाइपच्या, म्हणजे फायटिंग टाइपपुढे कच्च्या आणि घोस्ट टाइपच्या हल्ल्यांना दाद न देणाऱ्या. नॅचरल क्युअर ही ॲबिलिटी दोघींना मिळते: मैदानातून बाहेर गेल्या की विषबाधा, भाजणं, लकवा सगळं साफ. मूव्हही जवळपास त्याच. सॉफ्ट-बॉइल्डने निम्मे एचपी, म्हणजे जीव, परत मिळवायचे आणि सायस्मिक टॉसने समोरच्याला हळूहळू झिजवायचं. सायस्मिक टॉसचं नुकसान वापरणारीच्या लेव्हलइतकं असतं, लेव्हल १०० वर बरोबर १००. हल्ल्याच्या आकड्याशी त्याचा काही संबंध नाही, म्हणूनच अटॅक जवळजवळ नसलेल्या या दोघींना ती मूव्ह इतकी साजते.

आता मूळ आकडे पाहू. डिफेन्स फिजिकल म्हणजे अंगाच्या जोरावरच्या हल्ल्यांसाठी, स्पेशल डिफेन्स स्पेशल हल्ल्यांसाठी. चॅन्सीचे एचपी २५०, डिफेन्स ५, स्पेशल डिफेन्स १०५. ब्लिसीचे एचपी २५५, डिफेन्स १०, स्पेशल डिफेन्स १३५. स्पेशल अटॅक चॅन्सीचा ३५, ब्लिसीचा ७५. सहा आकड्यांची बेरीज एकीची ४५०, दुसरीची ५४०. गेमच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे १९९९ साली ब्लिसी आली, तेव्हापासून चौथ्या पिढीपर्यंत हा वादच नव्हता. चॅन्सी वाढवायची ती ब्लिसी करण्यासाठीच.

वाद सुरू झाला पाचव्या पिढीत. २०१० साली ब्लॅक आणि व्हाइट या गेममध्ये एव्हिओलाइट नावाची वस्तू आली. जिची उत्क्रांती अजून पूर्ण झालेली नाही अशा पोकेमॉनच्या हाती ती दिली, की डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स दोन्ही दीडपट होतात. ब्लिसीपुढे उत्क्रांती शिल्लक नाही, त्यामुळे तिच्या हातात एव्हिओलाइट म्हणजे नुसता दगड. चॅन्सीच्या हातात मात्र तीच वस्तू सगळं चित्र पालटवते.

किती पालटवते ते लेव्हल १०० वर मोजून बघा. दोघींना एचपी आणि डिफेन्समध्ये प्रत्येकी २५२ ईव्ही (आकडे वाढवायला वाटायचे गुण) द्या, नेचर डिफेन्स वाढवणारा बोल्ड ठेवा. ब्लिसीचे एचपी ७१४ आणि डिफेन्स १३० होतो. चॅन्सीचे एचपी ७०४ आणि डिफेन्स ११९. एव्हिओलाइट धरून १७८. स्पेशल डिफेन्सची गंमत तर आणखी मोठी आहे. चॅन्सीने त्यात एकही ईव्ही घातला नाही तरी एव्हिओलाइटसकट आकडा ३६९ येतो. ब्लिसीला हाच ३६९ गाठायला स्पेशल डिफेन्समध्ये पूर्ण २५२ ईव्ही ओतावे लागतात. ईव्ही एकूण ५१० च मिळतात. म्हणजे जे ब्लिसी अर्धं भांडवल खर्चून मिळवते ते चॅन्सीला फुकट मिळतं, आणि ते भांडवल ती मुळातल्या दुबळ्या डिफेन्सवर लावू शकते.

हे आकडे लढतीत कसे दिसतात? समोर गारचॉम्प हा फिजिकल हल्लेखोर आहे असं धरू: अटॅकमध्ये २५२ ईव्ही, जॉली नेचर, अटॅक ३५९, मूव्ह अर्थक्वेक. एव्हिओलाइटवाल्या चॅन्सीला एका अर्थक्वेकमध्ये २१७ ते २५६ नुकसान होतं. सॉफ्ट-बॉइल्ड तिला ३५२ परत देतं. क्रिटिकल हिट बसला नाही, तर गारचॉम्प नुसत्या अर्थक्वेकवर तिला हलवू शकत नाही. ब्लिसीला तोच फटका २९७ ते ३४९ इतका बसतो आणि तिला परत मिळतात ३५७. तीही तग धरते, पण जेमतेम. एका वाईट आकड्यानंतर तिला दुसरं काहीच करता येत नाही, दर पाळीला अंडंच उबवत बसावं लागतं.

आता हीच चॅन्सी एव्हिओलाइट गमावून बसली तर? डिफेन्स ११९ वर येतो. अर्थक्वेकचं नुकसान ३२४ ते ३८२. सॉफ्ट-बॉइल्डचे ३५२ पुरतीलच याची खात्री नाही, आणि दोन फटके लागोपाठ बसले तर ७०४ एचपी संपूही शकतात. स्पेशल डिफेन्सही ३६९ वरून २४६ वर घसरतो. एका क्षणात ती प्रत्येक बाबतीत ब्लिसीहून कमी ठरते.

माझ्या मते सगळा निर्णय इथेच आहे. चॅन्सीची ताकद तिच्या हातातल्या वस्तूत आहे, ब्लिसीची तिच्या अंगात. कोण जास्त मार खाते हा प्रश्न पहिल्या पाळीपुरता ठीक आहे. लढत तीस-चाळीस पाळ्या चालणार असेल, आणि या दोघी असलेल्या लढती तशाच चालतात, तर विसाव्या पाळीला कोणाच्या हातात काय उरलेलं असेल हे आधी विचारावं.

वस्तू हिरावणारी मुख्य मूव्ह म्हणजे नॉक ऑफ. तिसऱ्या पिढीपासून ती आहे, पण तिची ताकद फक्त २० होती, त्यामुळे फारसं कोणी बाळगत नसे. २०१३ साली एक्स आणि वायमध्ये ती ६५ झाली आणि समोरच्याच्या हातात काढून घेता येण्याजोगी वस्तू असेल तर आणखी दीडपट. तेव्हापासून डझनावारी पोकेमॉन ती घेऊन फिरतात. चॅन्सीवर नॉक ऑफ बसला तर तो फटका एव्हिओलाइटसकट मोजला जातो, म्हणून त्या पाळीला ती वाचते. खरी किंमत पुढच्या पाळीपासून मोजावी लागते. ट्रिक ही हातातल्या वस्तूंची अदलाबदल करणारी मूव्हसुद्धा तशीच वाईट: चॉइस स्कार्फ तिच्या गळ्यात पडतो, ती एकाच मूव्हला बांधली जाते आणि एव्हिओलाइट समोरच्याकडे जातं. ब्लिसीवर याच दोन मूव्ह झाल्या तर तिचं नुकसान होतं, पण तिची भिंत उभी राहते.

दुसरा मुद्दा हॅझर्डचा, म्हणजे मैदानात येणाऱ्याला इजा करणाऱ्या सापळ्यांचा, आणि नवे खेळाडू नेमका हाच विसरतात. चॅन्सीने एव्हिओलाइट धरलं की वस्तूची जागा भरली. दर पाळीला थोडे एचपी परत देणारे लेफ्टओव्हर्स नाही, हॅझर्डपासून वाचवणारे बूट नाहीत. समोरच्याने स्टेल्थ रॉक हा हॅझर्ड टाकला असेल तर मैदानात येताना दर वेळी ८८ एचपी जातात. त्यावर स्पाइक्स या दुसऱ्या हॅझर्डचे तीन थर असतील तर आणखी १७६. म्हणजे एकदा आत यायचं भाडं २६४ एचपी, तेही समोरच्याने अजून हात उचलण्याआधी. चॅन्सीचं काम सतत आत-बाहेर करत स्पेशल हल्ले झेलण्याचं, त्यामुळे हे भाडं तिला पुन्हा पुन्हा भरावं लागतं आणि प्रत्येक भरण्यापाठोपाठ एक सॉफ्ट-बॉइल्ड खर्ची पडतं. आठव्या पिढीपर्यंत सॉफ्ट-बॉइल्डचे पीपी, म्हणजे ती मूव्ह किती वेळा वापरता येते तो आकडा, वाढवून १६ होत. नवव्या पिढीत ते ८ वर आणले. लांब लढतीत हा फरक जीवघेणा आहे.

ब्लिसीची वस्तूची जागा मोकळी असते. २०१९ साली स्वोर्ड आणि शील्डमध्ये हेवी-ड्यूटी बूट्स आले, जे घालणाऱ्याला कोणतेच हॅझर्ड लागत नाहीत, आणि ब्लिसीचं नशीब उघडलं. बूट घातलेली ब्लिसी कितीही वेळा आली तरी भाडं शून्य. त्याच पिढीत टेलिपोर्ट ही मूव्ह मुख्य मालिकेतल्या लढतींत कामाची झाली: वापरणारी बाहेर जाते आणि तिच्या जागी साथीदार येतो. टेलिपोर्ट पाळीच्या अगदी शेवटी घडतं. म्हणजे आठव्या पिढीत समोरच्याचा हल्ला ब्लिसी आपल्या अंगावर घेई, मग निघून जाई, आणि आलेल्या हल्लेखोराला ओरखडाही न पडता मैदान मिळे. नाजूक, वेगवान हल्लेखोर असलेल्या संघाला याहून चांगली साथ क्वचितच मिळे.

सहाव्या-सातव्या पिढीत एकेरी लढतींत चॅन्सीचा दबदबा आणि आठव्यात ब्लिसीचा, हे का झालं ते यातून कळतं. आवडनिवड बदलली नव्हती, चॅन्सीचे सोबती गेले. २०१४ साली आलेली मेगा सेबलाय (मेगा स्टोन धरून लढतीपुरतं मिळणारं सेबलायचं रूप) चॅन्सीची आदर्श जोडीदारीण होती. तिच्या मॅजिक बाउन्स या ॲबिलिटीमुळे स्टेल्थ रॉक आणि स्पाइक्स टाकणाऱ्याकडेच परत जात. शिवाय मेगा स्टोन नॉक ऑफने काढून घेता येत नाही, त्यामुळे नॉक ऑफ येणार असा अंदाज आला की सेबलायला पुढे करायचं. चॅन्सीची दोन्ही दुखणी एकाच साथीदाराने झाकली. आठव्या पिढीत मेगा उत्क्रांती गेली, बूट आले, आणि तराजू ब्लिसीकडे झुकला.

समोरच्या बाजूने विचार केला तर आणखी एक फरक दिसतो. लढतीआधी संघ दाखवण्याच्या वेळी चॅन्सी दिसली की तिच्या हातात काय आहे हे न सांगताच कळतं. एव्हिओलाइट नसलेली चॅन्सी कोणी आणत नाही. ब्लिसी दिसली तर बूट की लेफ्टओव्हर्स हे लगेच कळत नाही. स्टेल्थ रॉक असताना ती आत आली आणि एचपी तसूभरही हलले नाहीत, तर बूट. पाळीच्या शेवटी ४४ एचपी परत आले, तर लेफ्टओव्हर्स. तोवर समोरच्याला अंदाजावर खेळावं लागतं.

हल्ल्याबाबत थोडक्यात. चॅन्सीच्या ३५ स्पेशल अटॅकमधून काही निघत नाही, तिने सायस्मिक टॉसवरच राहावं. गेंगारसारखा घोस्ट आला की ते बंद, कारण ती फायटिंग टाइपची मूव्ह आहे. शिवाय ४०४ किंवा त्याहून जास्त एचपी असलेला पोकेमॉन १०१ एचपींचा सबस्टिट्यूट, म्हणजे आपल्याऐवजी मार खाणारा बाहुला, उभा करतो आणि सायस्मिक टॉसचे १०० त्याला फोडायला एकाने कमी पडतात. जाणकार खेळाडू ईव्ही वाटताना हा ४०४ मुद्दाम गाठतात. ब्लिसी काल्म माइंडने स्पेशल अटॅक वाढवून फ्लेमथ्रोअर किंवा आइस बीम मारू शकते आणि ७५ स्पेशल अटॅकवर ते लागतंही.

काही गोष्टींपुढे मात्र दोघींचं सारखंच होतं. टॉंट, म्हणजे नुकसान न करणाऱ्या मूव्ह रोखणारी मूव्ह, झालं की सॉफ्ट-बॉइल्ड बंद. सायशॉक आणि केल्डियोचं सीक्रेट स्वोर्ड स्पेशल असूनही डिफेन्सवर मोजलं जातं, म्हणजे ३६९ चा काही उपयोग नाही, तिथे १७८ आणि १३० हेच आकडे कामाला येतात. क्लोज कॉम्बॅट या जबर फायटिंग मूव्हवाला समोर आला तर दोघींनीही निघावं. दुहेरी लढतींत दोन हल्लेखोर एकाच पाळीला एकीवर तुटून पडतात आणि सावकाश झिजवायला वेळच मिळत नाही. ही जोडी मुळात सहा विरुद्ध सहा एकेरीची.

मग संघ बांधताना काय पाहायचं? आधी बाकीचे पाच जण ठरवा. त्यांत हॅझर्ड साफ करणारा भरवशाचा कोणी असेल आणि नॉक ऑफ आपल्यावर घ्यायला तयार असा दुसरा कोणी असेल, तर चॅन्सी घ्या. तिच्याइतका मार त्या जागेवर दुसरं कोणी खाऊ शकत नाही. यांपैकी एकही नसेल तर ब्लिसी आणि बूट. एक आहे आणि एक नाही अशा अर्धवट स्थितीत मी ब्लिसीकडेच झुकेन. दोघींना एकत्रही आणता येतं, कारण एकाच जातीचे दोन पोकेमॉन नकोत या नियमात त्या वेगवेगळ्या जाती ठरतात, पण मग फायटिंग टाइपचा एकच दणकट हल्लेखोर संघाचे दोन खांब हलवतो.

चॅन्सी घेतलीत तर तिला वीव्हाइलसारख्या नॉक ऑफवाल्यासमोर कधीही आणू नका, एचपी पूर्ण असले तरी. समोरच्या संघात नॉक ऑफ कोणाकडे आहे हे पहिल्या काही पाळ्यांत दुसऱ्या कोणाला तरी पुढे करून हुडकून घ्या. ज्याची वस्तू आधीच गेली आहे असा साथीदार त्या फटक्यासाठी उत्तम: त्याच्यावर नॉक ऑफला दीडपट मिळत नाही आणि त्याच्याकडून काढून घेण्यासारखंही काही उरलेलं नसतं.