कॅशला प्रश्न कसा विचारावा

डेटाबेसमधून एकदा आणलेली माहिती पुन्हा लागेल म्हणून संगणकाच्या मुख्य स्मृतीत हाताशी ठेवतात, त्या तात्पुरत्या साठ्याला सॉफ्टवेअरमध्ये ‘कॅश’ म्हणतात. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी 2003 मध्ये लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी घडवलेल्या मेमकॅश्ड या कॅशमध्ये प्रत्येक नोंदीला एक किल्ली असते आणि ती ठाऊक असली तरच नोंद हाती येते. ग्राहक क्रमांक दिला की ग्राहकाची माहिती मिळते; ‘सातारा तालुक्यातले ग्राहक द्या’ असे मात्र तिथे विचारताच येत नाही.

जावा या प्रोग्रामिंग भाषेतील ईएचकॅश या कॅशने 2.4 या आवृत्तीत शोधाची सोय दिली. तिची रचना मला अभ्यासण्यासारखी वाटते. नोंदींतले कोणते गुणधर्म शोधता येतील हे आधी जाहीर करायचे. मग ‘तालुका बरोबर सातारा’ आणि ‘वय 30 ते 40 च्या दरम्यान’ अशा छोट्या अटी एकीला एक जोडत प्रश्न उभा करायचा. अशा साखळीवजा लेखनाला मार्टिन फाउलर आणि एरिक इव्हान्स या सॉफ्टवेअर-लेखकांनी 2005 मध्ये ‘फ्लुएंट इंटरफेस’ हे नाव दिले.

डेटाबेसला प्रश्न विचारण्यासाठी एसक्यूएलसारखी परिचित भाषा समोर असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. एसक्यूएलचे वाक्य अक्षरांच्या ओळीच्या रूपात लिहिले, तर त्यातली चूक बहुधा प्रोग्राम चालू झाल्यावरच उघडकीस येते; साखळीत मात्र वयाच्या जागी नाव दिले, तर कंपायलरच, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून यंत्रासाठी भाषांतरित करणारे साधनच, अडवू शकतो. याहून मोठे कारण असे की, एसक्यूएल दिसले की वाचणारा संपूर्ण डेटाबेसची अपेक्षा धरतो, आणि ती पुरी करणे कॅशच्या हातात नसते. मुदत संपली किंवा जागा कमी पडली की कॅशमधली नोंद काढून टाकली जाते. त्यामुळे उत्तरात एखादा ग्राहक आला नाही, याचा अर्थ तो ग्राहक नाही असा होत नाही, आणि शोध लागल्यानंतर मूळ नोंद उचलेपर्यंतही ती नाहीशी झालेली असू शकते.

म्हणून उत्तरात फक्त किल्ल्या हव्यात की पूर्ण नोंदी, आणि जास्तीत जास्त किती, हे प्रश्नातच सांगायला लावणे मला योग्य वाटते. साठा अनेक यंत्रांवर विभागलेला असेल, तर पूर्ण नोंदी नेटवर्कवरून वाहून आणण्याचा भार थोडाथोडका नसतो. कोणत्या गुणधर्माच्या नोंदी कुठे आहेत हे सांगणारी सूची (इंडेक्स) नसेल, तर 10 लाख नोंदींतली प्रत्येक तपासावी लागते. सूची ठेवली, तर दर नव्या नोंदीबरोबर तीही बदलावी लागते, आणि शोधण्याजोगे गुणधर्म आधी जाहीर करण्याची अट तेव्हाच उपयोगी पडते. मी स्वतः असा इंटरफेस, म्हणजे कॅशला प्रश्न विचारण्याची सोय, आखताना शोधाच्या क्रियेला ‘ग्राहक शोधा’ असे नाव देणार नाही, ‘साठ्यातले ग्राहक शोधा’ असेच देईन, आणि ग्राहकांची एकूण संख्या सांगणारी क्रिया त्यात ठेवणारच नाही.